खेळण्यातली जुनी मॉडेल रेल्वे इंजिनं सोलापुरात रिपेअर होतात, आणि ती पण मोटर वाइंडिंगच्या दुकानात

स्टार द्यायचे तर मोटरच्या कामाला पाचपैकी पाच, चाकं-गिअरला चार, बॉडी आणि रंगकामाला दीड, आणि दिलेली तारीख पाळण्याला शून्य. ज्यांना एवढ्यावर भागतंय त्यांनी इथंच थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहितोय, कारण माझ्यासारखे बरेच जण असणार ज्यांच्या माळ्यावर काकानं नाहीतर आजोबांनी कधीकाळी परदेशातून आणलेलं हॉर्नबी, ट्राय-अँग, लिमा असल्या कंपनीचं एखादं मॉडेल इंजिन पडलंय आणि ते चालत नाही म्हणून पोरं त्याला हातानं ढकलतायत.

दुकान अशोक चौकाच्या पुढं अक्कलकोट रोडच्या बाजूला, यंत्रमागाच्या गल्ल्यांमध्ये. नाव मुद्दाम लिहीत नाही, मालकांनीच सांगितलंय की लिहू नका, आधीच मिक्सर उचलायला जागा नाही. बोर्डावर नुसतं मोटर वाइंडिंग एवढंच आहे, इंजिनाचा उल्लेख कुठंच नाही. दारात सबमर्सिबल पंप, मागाच्या मोटरी, टेबल फॅन, कुणाचा तरी ज्यूसर असा सगळा ढीग, आणि आत एका लाकडी टेबलावर, दिव्याखाली, हातभर रूळ ठोकलेली एक फळी. ती फळी दिसली की समजायचं बरोबर ठिकाणी आलो. आजूबाजूच्या मागवाल्यांना "रेल्वेचं खेळणं रिपेअर करतात ते अण्णा" म्हणलं की कुणीही बोट दाखवतं.

आता प्रश्न असा की खेळण्यातल्या गाडीला मोटर वाइंडिंगवाला कशाला? तर जुन्या इंजिनात बिघडण्यासारखं जे असतं त्यातलं निम्म्याहून जास्त मोटरमध्येच असतं, आणि ती मोटर म्हणजे काही जगावेगळी चीज नाही. फिरणाऱ्या कॉइलचं आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, त्यावर टेकून करंट देणारे दोन कार्बन, दांडा ज्यात फिरतो ते दोन बुश. सोलापुरात हे काम करणारे हात गल्लोगल्ली आहेत कारण इथं माग आहेत, चादर-टॉवेल आहेत, आणि मागाची मोटर जळली की मालकाला ती दुसऱ्या दिवशी पाहिजे असते. फक्त ते हात एवढ्या बारीक वस्तूवर चालले पाहिजेत आणि मुख्य म्हणजे मालकाला त्यात इंटरेस्ट पाहिजे. हॉबी शॉपवाले नवीन विकतात, जुन्याला हात लावत नाहीत. एका मोठ्या शहरातल्या एकानं तर माझं इंजिन महिनाभर ठेवून घेऊन "मोटर डेड आहे, नवीन टाकावी लागेल" म्हणून परत दिलं होतं, आणि कोटेशन ऐकून मीच डेड व्हायची वेळ आली होती. तीच मोटर आज चालते, नवीन काही न टाकता, म्हणजे जवळजवळ काहीच न टाकता.

ते इंजिन म्हणजे ट्राय-अँगची जिंटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सहा चाकांचं काळं छोटं टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं), पन्नाशीच्या दशकात आलेलं मॉडेल, इंग्लंडमध्ये घरोघरी होतं म्हणतात तसलं. स्केल डबल ओ, म्हणजे खऱ्याच्या १:७६, आणि रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. आत एक्स-०४ नावाची मोटर. ही मोटर माहीत असणं महत्त्वाचं आहे कारण त्या काळातल्या ढीगभर ट्राय-अँग इंजिनांत तीच आहे. उघड्या फ्रेमची, तीन पोलची, मागं एक मोठा मॅग्नेटचा ठोकळा. सगळं डोळ्याला दिसतं, हाताला लागतं. आजकालच्या सीलबंद डबी मोटरसारखं नाही, की बिघडली की फेका.

मी जाऊन सांगायला लागलो की आधी असं व्हायचं, मग तसं झालं, तर अण्णा म्हणाले, "ते सगळं नंतर सांगा. आधी रुळावर ठेवा की ओ." १२ व्होल्ट डीसी दिलं, मधे अँपिअर मीटर लावला. इंजिन जरा पुढं गेलं, थरथरलं, सप्लायचा ओव्हरलोडचा लाल दिवा लागला आणि बंद. परत चालू, परत बंद. मीटरचा काटा एकच्या पुढं जाऊन येत होता. अशा मोटरला मोकळं पळायला अर्धा अँपिअरसुद्धा लागू नये. अण्णांनी इंजिन उचललं, उलटं केलं, चाकं बोटानं फिरवली, गिअर मोकळा आहे बघितलं, आणि मग बॉडीचा स्क्रू काढला. मधे कुणी मिक्सर घेऊन आलं, त्याला "टेबलावर ठेव आणि जा, उद्या ये" झालं.

आणि इथं मला हा माणूस पटला. आर्मेचर बाहेर काढायच्या आधी त्यांनी ड्रॉवरमधून लोखंडाचा एक तुकडा काढला आणि मॅग्नेटच्या दोन्ही पोलना जोडून चिकटवून ठेवला. मी विचारलं हे कशाला, तर म्हणे जुन्या मॅग्नेटमधून आर्मेचर तसंच काढलं की मॅग्नेटचा जोर उतरतो, परत बसवलं तरी पहिल्यासारखा येत नाही, म्हणून मधे लोखंड पाहिजे. ही गोष्ट अगदी खरी आहे, जुन्या अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) मॅग्नेटच्या मोटरींना हा प्रकार होतोच, आणि किती तरी हौशी लोकांनी साफसफाईच्या नावाखाली चांगल्या मोटरी अशाच मंद करून ठेवल्यात. अण्णांना हे कुठल्या रेल्वे मॉडेलच्या पुस्तकातून कळलेलं नाही, जुने मॅग्नेटो आणि सायकलचे डायनॅमो खोलून खोलून कळलंय.

मग कम्युटेटर. कोळशासारखा काळा. तो त्यांनी पॉलिश पेपरनं घासला नाही, जे मी स्वतः केलं असतं. स्पिरीटमध्ये बुडवलेल्या कापडानं पुसला, तांब्याचा रंग आला, आणि मग दातकोरण्याच्या काडीनं तीन पट्ट्यांमधल्या फटी कोरून काढल्या. त्या फटीतून निघालेलं काळं पीठ कागदावर झटकून मला दाखवलं. कार्बन झिजून झिजून तिथं साठतो आणि एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर करंट परस्पर जायला लागतो, मग मोटर तापते, जोर लागत नाही आणि आपण म्हणतो मोटर गेली. त्यानंतर मल्टीमीटरनं प्रत्येक दोन पट्ट्यांमधलं रीडिंग घेतलं. तिन्ही सारखी आली. म्हणजे कॉइल तिन्ही शाबूत, वाइंडिंग करायची गरजच नाही. लक्षात घ्या, वाइंडिंग हा ह्या माणसाचा धंदा आहे, पैसे त्याच्यातच आहेत, आणि तो गिऱ्हाइकाला सांगतोय की वाइंडिंग नको.

खरा फॉल्ट निघाला कार्बन दाबून धरणाऱ्या स्प्रिंगमध्ये. एक्स-०४ ला एकच वाकवलेली तार असते, तिचे दोन पाय दोन कार्बनवर बसतात, आणि दोन्ही कार्बन तारेनं एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती नळी तापून तापून एका बाजूनं फाटली होती. इंजिन हललं की तार टेकायची, शॉर्ट. स्थिर असलं की सुटायची, चालू. एवढीशी ती नळी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. अण्णांनी वाइंडिंगची स्लीव असते त्यातली सगळ्यात बारीक घेतली, तेवढी कापली, चढवली. त्या मोठ्या शहरातल्या भाऊंनी ह्या नळीसाठी मला नवीन मोटर विकायला काढली होती.

फिटिंग झाल्यावर मीटर अर्ध्याच्या बऱ्याच खाली आला. मॅग्नेट थोडा कमजोर आहे हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. मॅग्नेट परत चार्ज करायचं मशीन त्यांच्याकडं नाही. त्याऐवजी निओडिमियमचे, म्हणजे आजकालच्या जोरदार मॅग्नेटचे, छोटे ठोकळे लावून बघू म्हणाले, आणायचे मी. त्यानं करंट आणखी कमी होईल, टॉप स्पीडही थोडा कमी होईल, आणि खेळण्याच्या इंजिनाला ते बरंच आहे कारण ही जुनी इंजिनं तशी रॉकेटसारखीच पळतात. अजून आणलेले नाहीत. बिल झालं साडेतीनशे, त्यात माझ्यासमोरचा दोन तासांचा वेळ आणि चहा. चहाचे पैसे मी द्यायला गेलो तर चिडले.

तेलावर एक वेगळा परिच्छेद लिहायलाच पाहिजे कारण निम्मी इंजिनं तेलानंच मेलेली असतात. अण्णा सांगत होते त्यांच्याकडं एक इंजिन आलं होतं त्याला घरच्यांनी खोबरेल तेल घातलं होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत ते पाण्यासारखं पळून सगळ्या वायरिंगवर पसरलं आणि थंडीत गिअरमध्ये गोठून बसलं. दुसरे लोक गंज काढायचा स्प्रे मारतात. त्यानं तात्पुरतं चालतं, मग त्याचा चिकटा होतो. बरोबर पद्धत म्हणजे मोटरच्या दोन्ही बुशना सुईच्या टोकानं पातळ मशीन ऑइल, एक-एक थेंब, गिअरला किंचित ग्रीस, आणि कम्युटेटरला काहीही नाही. काहीही नाही म्हणजे काहीही नाही. दुसरं आपलं लोकल दुखणं म्हणजे सूत. ज्यांचं घर मागांच्या जवळ आहे त्यांच्या इंजिनाची चाकं काढली की एक्सलवर कापसाच्या तंतूंची अंगठी गुंडाळलेली निघते, वर तेल पिऊन काळी झालेली. गालिच्यावर रूळ मांडणाऱ्यांचंही तेच होतं पण इथं गालिचाही लागत नाही, हवेतच असतं. चिमट्यानं ओढून काढायचं, ब्लेड लावायचं नाही.

आता तक्रारीचा भाग. दुसरं इंजिन नेलं ते लिमाचं क्लास ४७ डिझेल. लिमा ही इटलीतली कंपनी, बंद पडली २००४ मध्ये, नंतर तिचं नाव आणि साचे हॉर्नबीकडं गेले, पण जुनी लिमा इंजिनं अजून स्वस्तात मिळतात म्हणून हौशी लोकांकडं बरीच असतात. ह्यांची मोटर चपटी, भाकरीसारखी गोल, बोगीच्याच आत बसवलेली, आणि कम्युटेटर पण सपाट तबकडीसारखा. मोटर अण्णांनी झकास केली, कर्कश आवाज करायची ती बऱ्यापैकी गप्प झाली. लिमाचं जन्मजात दुखणं असं की करंट मोजक्याच चाकांवरून उचललं जातं, त्यामुळं सांध्यावर, विशेषतः पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथं, ती अडकते आणि बोटानं टिचकी मारावी लागते. त्यासाठी त्यांनी कुठल्यातरी जुन्या रिलेच्या फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या कापून राहिलेल्या चाकांना मागून टेकतील अशा बसवल्या, डाग मारून वायर जोडली, आणि आता ते पॉइंटवरून सरळ जातं. इथपर्यंत फर्स्ट क्लास.

पण चाकांच्या रबरी टायरचा घोळ केला. ओढणाऱ्या चाकांवर पकडीसाठी रबराची बारीक रिंग असते, ती वर्षानुवर्षांनी कडक होते, तडकते, आणि इंजिन डबे ओढेना होतं. ओरिजिनल टायर नव्हते तर थांबायला पाहिजे होतं. त्याऐवजी त्यांनी पंपाच्या कामाची कुठलीतरी ओ-रिंग चढवली. ती जाड. परिणाम असा की इंजिन चालताना बाळ रांगताना हलतं तसं हलायला लागलं आणि बाकीची चाकं रुळाला नीट टेकेनात, म्हणजे आत्ताच बसवलेल्या पट्ट्यांचा निम्मा फायदा गेला. दाखवल्यावर "चालतंय की, हलू दे" म्हणाले. नाही चालणार अण्णा. मी बाहेरून बरोबर मापाचे टायर मागवले, टायर क्षुल्लक आणि पोस्टेज त्याच्या कितीतरी पट, आणि घरीच बसवले. तेव्हा रबरी टायरचं काम असेल तर आधी टायर तुम्ही मिळवा, माप बघून, आणि मगच इंजिन न्या.

सगळ्यात भारी काम झालं ते मित्राच्या मार्कलिनचं. मार्कलिन ही जर्मनीतल्या ग्योपिंगनची कंपनी, १८५९ पासूनची, आणि त्यांची जुनी सिस्टीम बाकी जगापेक्षा वेगळी. डीसी नाही, एसी, १६ व्होल्ट. दोन्ही रूळ एकाच बाजूला जोडलेले आणि दुसरी बाजू मधल्या रेषेतल्या खिळ्यांच्या डोक्यांसारख्या ठिपक्यांवरून इंजिनाखालची पट्टी घासत उचलते. उलट दिशेला न्यायचं तर प्लस-मायनस उलटं करून उपयोग नाही, एसीच आहे ते, म्हणून क्षणभर २४ व्होल्टचा झटका द्यायचा की आतला रिले खट करून बदलतो. हे सगळं मित्र सांगत होता आणि अण्णांचा चेहरा असा की हे काय आणलं बाबा. "डीसी असलं तर करतो, हे नको."

मग मोटर उघडून बघितली आणि त्यात मॅग्नेटच नाही! मॅग्नेटच्या जागी फील्ड कॉइल, म्हणजे करंट दिला की मॅग्नेटचं काम करणारी कॉइल. अण्णा एकदम हसायला लागले. "आवो हे तर मिक्सर आहे की. कशाला भीती घालालाव." आणि खरंच आहे ते. मिक्सर, शिलाई मशीन, हँड ड्रिल ह्या सगळ्यांत हीच सिरीज मोटर, फील्ड आणि आर्मेचर एकामागोमाग जोडलेलं, म्हणून एसीवरही पळते. फरक एवढाच की मार्कलिनच्या फील्डला दोन भाग असतात, एक भाग चालू असला की पुढं, दुसरा असला की मागं, आणि रिले फक्त भाग बदलतो. त्या इंजिनात मागचा भाग तुटलेला होता. इंजिन पुढं जायचं, मागं यायचंच नाही, आणि मित्र इतकी वर्षं रिलेला दोष देत बसला होता. अण्णांनी कॉइलचं टोक शोधलं, कागदाच्या आत अगदी मुळाशी तुटलेलं, दोन वेढे उलगडले, नवीन तार जोडली, वार्निश लावलं, वर टेप. पूर्ण वाइंडिंग न करता. रिलेच्या स्प्रिंगला थोडा ताण दिला कारण पुढंच जाता जाता तो मधेच पलटायचा. नऊशे रुपये घेतले, आणि जर्मनीला पाठवलं असतं तर फक्त जाण्या-येण्याचा खर्च किती झाला असता ते मित्राला विचारा.

त्याच्याबरोबरचा जुना पत्र्याचा ट्रान्सफॉर्मर मात्र त्यांनी हातात घेतला, वायर वाकवली, इन्सुलेशनचा भुगा पडला, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला, आणि मित्राकडं परत देताना पिन कापूनच दिला. हे मला फार आवडलं. ते जुने ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचे, आपल्याकडं लाइन २३० आणि रात्री त्याच्याही वर, शिवाय बॉडी धातूची, आणि कंट्रोल करणारी लहान पोरं. शोकेसमध्ये ठेवा, प्लग लावू नका. नवीन ट्रान्सफॉर्मर घ्या, तिथं कंजूषपणा नको.

चाकं-गिअरला चार स्टार दिलेत त्यातले दोन खरं तर अण्णांचे नाहीत. संध्याकाळी तिथं एक रिटायर्ड रेल्वे फिटर चहाला येतात, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी ज्यांनी बघितलीय त्यांना कुर्डुवाडी वेगळं सांगायला नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केलेली, अडीच फुटी रुळाची, एका एक्सलवर पाच टनांच्या वर वजन नाही हा हिशेब पक्का ठेवून बांधलेली लाइन. पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेलेली ती, आता सगळी ब्रॉडगेज. तर एका गिऱ्हाइकाच्या इंजिनाचं चाक एक्सलवर सरकलं होतं आणि इंजिन अर्धा फेरा नीट जाऊन अडकायचं, लंगडल्यासारखं. अण्णा गिअर बघत बसले होते. फिटरमामांनी चहाचा कप ठेवला, चष्मा लावला आणि म्हणाले गिअर सोडा, क्वार्टरिंग गेलंय.

क्वार्टरिंग म्हणजे काय, तर स्टीम इंजिनाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँकपिन, म्हणजे चाकाला रॉड जोडतात त्या खुंट्या, एकमेकांना ९० अंशांत असतात. एका बाजूचा रॉड डेड सेंटरला, म्हणजे जिथून चाकाला जोरच लागत नाही अशा जागी, अडकला तर त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोरात असला पाहिजे, नाहीतर खरं इंजिन काही ठिकाणी जागचं हलणारच नाही. मॉडेलमध्ये मोटर एकाच एक्सलला जोर देते आणि बाकीची चाकं रॉडनं ओढली जातात, म्हणून सगळ्या एक्सलचा हा कोन एकसारखा पाहिजे. एक जरी थोडं फिरलं की रॉड अडकतात. मामांनी चाकाच्या आऱ्या मोजून, गुण्याची एक बाजू टेबलाला टेकवून, एकेक चाक हलक्या हातानं फिरवून लावलं. मापाचं कुठलंही खास जिग (साचा) नाही. तीनदा रूळावर ठेवून बघितलं, तिसऱ्यांदा गेलं. पण हे नशिबाचं आहे, मामा असतील त्या दिवशी. अण्णा एकटे असतील तर क्वार्टरिंगचं काम घेत नाहीत, तसं सांगतात पण.

थोडं विषयांतर, पण इथपर्यंत वाचलंय म्हणजे तुम्हाला आवड आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, तो १:८७ म्हणजे एचओ स्केलला केला तर रूळ १९ मिलिमीटरच्या पुढं जातो, आणि बाजारात रूळ मिळतो १६.५ चा. म्हणून आपल्या डब्ल्यूडीएम-२ वगैरे डिझेल इंजिनांची मॉडेलं रुळावर जरा फताडी दिसतात. बार्शी लाइटचं मात्र नशीब बघा, ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ, आणि एन नावाच्या लहान स्केलचा तयार रूळ ९ चा! म्हणजे आपल्या जिल्ह्यातली छोटी गाडी जवळजवळ बिनचूक मापात करता येते, तयार रूळ वापरून. मामांना हे सांगितलं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा वहीत काढलेलं इंजिनाचं चित्र आणलं. बघू कोण बनवतं ते. ज्यांना आपल्या देशातला मॉडेल रेल्वेचा मोठा चालता लेआउट (मांडणी) बघायचाय त्यांनी पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघून यावं, पोरांना घेऊन.

अण्णा काय करत नाहीत तेही लिहितो. एक, ज्याची चेसिसच फुगलीय ते इंजिन. जुन्या झिंक मिश्रधातूच्या ओतकामात शिसं वगैरेची भेसळ राहिली असेल तर वर्षांनी धातू आतून तडकत, फुगत जातो, पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं दिसतं, आणि एक दिवस हातात तुकडे येतात. त्याला इलाज नाही. एका गृहस्थांनी आणलेलं युद्धाच्या आधीचं इंजिन अण्णांनी नखानं दाबून बघितलं, कोपरा बिस्किटासारखा सुटला नाही एवढंच, पण त्यांनी ते न खोलता कापसात ठेवून परत दिलं आणि एक रुपया घेतला नाही. खोललं असतं तर परत जुळलं नसतं. दुसरं, डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोलची चिप. हात लावत नाहीत, म्हणतात तुमच्या पोराला विचारा. आणि तिसरं म्हणजे रंगकाम, जे ते करतात पण करू नये. माझ्या समोर एका सुंदर हिरव्या इंजिनाच्या खरचटलेल्या जागेवर पंपाला मारतात तो एनॅमल मारला त्यांनी, ब्रशचे पट्टे दिसतील असा. जुन्या इंजिनाची किंमत त्याच्या मूळ रंगात आणि अक्षरांत असते. तेव्हा बॉडी घरी काढून ठेवा आणि नुसती चेसिस न्या, हा माझा सगळ्यात कामाचा सल्ला.

वेळेचं म्हणाल तर "गुरुवारी या" ह्याचा अर्थ कुठलातरी गुरुवार. मागाची मोटर आली की तुमचं इंजिन बाजूला, आणि ते बरोबरही आहे, तिकडं कुणाची मजुरी थांबलेली असते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर जाऊच नका. फोन उचलत नाहीत. पावती मिळत नाही, म्हणून सोडून यायचं असेल तर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, सुटे भाग एका डबीत घाला आणि डबीवर नाव लिहा, कारण त्या टेबलावर एकदा बारीक स्क्रू घरंगळला की तो मिक्सरवाल्याच्या नशिबात. शक्यतो दुपारी तीननंतर जा आणि समोर बसून करून घ्या, ते बसू देतात, उलट कुणी बघत असलं की जरा जास्तच नीट करतात.

बाहेरगावाहून कुरिअरनं पाठवू का असं कुणी विचारायच्या आधीच सांगतो, घेत नाहीत. पुणेकरांना सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत जाता येतं, परतताना शेंगा चटणी घेऊन जा म्हणजे घरी इंजिनावर किती खर्च केला हा विषय निघत नाही. मी पुढच्या वेळी जाणार ते जिंटीचे मॅग्नेट घेऊन. कुणी एक्स-०४ ला निओडिमियम बसवले असतील तर किती मिलिमीटरचे घेतले तेवढं कळवा, कारण अण्णा म्हणतात "जाड आणलाव तर घासून देणार नाही."